जसे होते तसे

पुण्याच्या बुधवार पेठेत सकाळ होते ती अनेक आवाजांनी. तांबड्या जोगेश्वरीच्या देवळातील घंटा वाजत असते, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे गठ्ठे उतरत असतात आणि तपकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या दुकानांची लोखंडी दारे खडखडाट करीत वर सरकत असतात. ह्या गल्लीत तारा, दिवे, पंखे, खटके, घरातील बिघडलेल्या यंत्राला लागणारा एखादा बारीकसा भाग, असे काय हवे ते मिळते.

मुलांनो, अशी कल्पना करा, की ह्या गल्लीतील एका दुकानापुढे एक बहीण व तिचा धाकटा भाऊ उभे आहेत. बहीण अकरावीत आहे, भाऊ सातवीत. समोर खटक्यांनी भरलेला डबा आहे. भाऊ एकेक खटका उचलतो, तो खालीवर करतो, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकतो आणि मान हलवून परत ठेवतो.

दुकानदार अखेर कंटाळून म्हणतो, “अरे बाळा, सगळे खटके सारखेच. दिवा लागला म्हणजे झाले!”

“काका, मला दिवा लावायचा नाही. विमान उडवायचे आहे.”

“विमान? मग ते उतरविणार कोठे? ह्या गल्लीत सायकल लावायलाही जागा नाही!”

बहीण हसून म्हणते, “काका, ते घरातच उडणार आहे आणि घरातच उतरणार आहे.”

दुकानदाराला ही थट्टा वाटते. पण ती थट्टा नव्हे. जमिनीवरून तसूभरही न हलता विमान चालविण्याचा अनुभव देणारे यंत्र असते. त्यास सिम्युलेटर असे म्हणतात. त्यात वैमानिकाची बैठक, दांडा, खटके व घड्याळासारखी मापकयंत्रे असतात. समोरच्या पडद्यावर आकाश, ढग आणि धावपट्टी दिसते. दांडा ओढला, की पडद्यावरील क्षितिज खाली जाते आणि आपण वर चढत आहो असा भास होतो. चूक झाली तर विमान पडद्यावर कोसळते. वैमानिकाच्या अंगास मात्र ओरखडाही उठत नाही.

ह्या यंत्राचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील एडविन लिंक ह्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे भाते ऑर्गनलाही असतात. लिंकने ते भाते एका लहानशा लाकडी विमानाखाली बसविले. भात्यात हवा भरली व सोडली, की ते विमान डोलू, झुकू व वळू लागे. १९२९ साली तयार झालेल्या ह्या यंत्राकडे लोक प्रथम जत्रेतील पाळण्याप्रमाणे पाहत. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्यातील वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले आणि धुके व अंधार यांत अनेकांचे प्राण गेले. तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर सहस्रावधी वैमानिक ह्याच यंत्रात बसून शिकले. आज भात्यांची जागा संगणकाने घेतली आहे. हेतू मात्र तोच आहे, चुका जमिनीवर व्हाव्यात, आकाशात नव्हे.

पण आपल्या ह्या बहीण-भावंडांचा हेतू थोडा निराळा आहे. त्यांना कोणतेही विमान नको आहे. त्यांना हवे आहे १९७१ च्या युद्धात लढलेले मिग-२१ एफएल हे लढाऊ विमान, आणि तेही जसे होते तसे.

हेच विमान का? त्यांचे आजोबा तरुणपणी नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात कामास होते. मिग-२१ मूळचे सोव्हिएत रशियाचे. त्रिकोणी पंखांचा त्याचा पहिला नमुना १९५५ साली उडाला. भारतीय वायुसेनेने ह्या विमानांचे आपले पहिले पथक १९६३ साली उभारले आणि पुढच्याच वर्षी ही विमाने आपल्या देशात बांधण्यासाठी ओझरच्या कारखान्याची स्थापना झाली. इंजिने ओडिशातील कोरापुट येथे तयार होऊ लागली. आरंभी परदेशातून आलेले भाग येथे जोडले जात. हळूहळू ते भागही येथेच घडू लागले. द्राक्षे व कांदे पिकविणाऱ्या त्या भूमीत ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारी विमाने तयार होऊ लागली! अनेक मराठी कामगारांचे हात त्या कामास लागले होते.

आता एक विमान जसेच्या तसे संगणकात उतरवायचे म्हणजे काय करायचे? प्रथम त्याचे रूप हवे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. एवढ्या आकड्याने मात्र भागत नाही. नाकातील निमुळता शंकू किती पुढे येतो, पंखांचा मागे वळलेला कोन किती, चाके कोठे मिटतात, कॉकपिटवरील काचेचे झाकण कोणत्या बाजूने उघडते, हे सारे ठाऊक हवे. त्यासाठी जुने आराखडे, वैमानिकांसाठी छापलेली माहितीपुस्तके आणि छायाचित्रे पाहावी लागतात. शक्य असेल तर दिल्लीतील पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी जाऊन जुनी विमाने प्रत्यक्ष पाहावी लागतात.

येथेच पहिली फसगत होते. मिग-२१ हे एकच विमान नव्हे. ते एक मोठे कुटुंब आहे. एफएल, एम, बिस, बायसन अशी त्याची अनेक रूपे भारताने वापरली. नंतरच्या बायसन विमानातील उपकरणे १९७१ च्या विमानात दाखविली, तर ती शिवाजी महाराजांच्या हाती मनगटी घड्याळ बांधण्यासारखी चूक होईल. म्हणून बहिणीने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, “कोणते विमान? कोणते वर्ष?”

एक उदाहरण पाहा. एफएल विमानाच्या अंगात तोफ नव्हती. त्याच्या पंखांखाली दोन क्षेपणास्त्रे असत. जवळच्या झुंजीत तोफेवाचून अडते असे दिसून आल्यावर विमानाच्या पोटाखाली २३ मिलिमीटर तोफेची एक पेटी अडकविण्यात आली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांनी अशा मिगमधून तोफेचा मारा करूनच शत्रूचे स्टारफायटर विमान पाडले. परंतु ती पेटी जेथे अडकवीत, तेथेच एरवी जादा इंधनाची टाकी लावीत. तोफ घेतली की टाकी नाही आणि टाकी घेतली की तोफ नाही! खऱ्या वैमानिकाला ही निवड करावी लागे. खोट्या विमानात दोन्ही एकदम लावता आली, तर तो खेळ होईल; मिग होणार नाही.

रूपानंतर गुण. हे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक कठीण. उडणाऱ्या विमानावर चार बलांचे कार्य चालते. पंख त्यास वर उचलतात, वजन खाली ओढते, इंजिन पुढे रेटते आणि हवा मागे अडविते. ही बले सदैव सारखी नसतात. इंधन जळते तसे वजन घटते. उंच गेल्यावर हवा विरळ होते, तेव्हा पंखांची उचल व इंजिनाचा रेटा दोन्ही बदलतात. नाक वर केले, की उचल वाढते. पण हवेचा अडथळाही वाढतो, आणि नाक फारच वर केले तर उचल एकाएकी ढासळते. कोणत्या वेगास, कोणत्या उंचीवर व कोणत्या कोनास कोणते बल किती, ह्याचे मोठमोठे तक्ते संगणकास द्यावे लागतात. संगणक ते तक्ते पाहून एका सेकंदात पन्नास-साठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा हिशेब करतो आणि पुढच्या क्षणी विमान कोठे असेल ते ठरवितो. पडद्यावरील चित्र त्या हिशेबाच्या मागोमाग हलते.

आपल्या भावाने असे तक्ते भरले. आजोबांच्या जुन्या पलंगाच्या फळ्यांचे कॉकपिट तयार झाले. तपकीर गल्लीतील खटके त्यात बसले. वेगमापक किलोमीटरमध्ये व उंचीमापक मीटरमध्ये रंगविले, कारण रशियन घडणीच्या विमानांत तशीच मापे असत. पहिले उड्डाण झाले आणि भावाचा पार हिरमोड झाला.

विमान सरळ जाई ते बाणासारखे. पण जोराने वळविले, की त्याचा वेग झरझर उतरे. उतरतेवेळी तर वेग ताशी ३०० किलोमीटरांच्या वर ठेवावा लागे, नाही तर विमान दगडासारखे खाली येई. इंजिनाचा जोर वाढवायला जावे, तर तो वाढण्यास काही सेकंद लागत, आणि तेवढ्यात धावपट्टी निघून जाई. चाके टेकल्यावर शेपटाकडील छत्री उघडून वेग कमी करावा लागे. दहा वेळा प्रयत्न केला. दहाही वेळा विमान आपटले.

त्या रात्री भावाने हळूच तक्त्यातील एक आकडा बदलला. वळताना होणारा हवेचा अडथळा त्याने निम्मा केला. दुसऱ्या दिवशी विमान मोराच्या डौलाने वळू लागले!

बहीण थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने वही उघडली. “अरे, आज हे विमान वर चढते किती वेगाने ते मोज बरे.”

त्याने मोजले. माहितीपुस्तकात दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी विमान वर पोहोचले. इंधन पाहिले, तर तेही जास्त पुरले. उतरण्याचे अंतर पाहिले, तर तेही जुळेना.

“ताई, मी तर एकच आकडा बदलला होता,” तो खाली मान घालून म्हणाला. “विमान चांगले व्हावे म्हणून.”

“विमान चांगले झाले खरे, पण हे मिग राहिले नाही.”

आजोबा खाटेवरून सारे ऐकत होते. ते म्हणाले, “बाळांनो, कारखान्यात एखादा भाग केसभर मोठा झाला, की तो परत येई. तो कितीही गुळगुळीत असो, चकाकणारा असो. मापात नसेल तर तो विमानाचा नव्हे. शेजारच्या भागाशी त्याचे जुळणारच नाही. तुझा आकडा तसाच आहे.”

आजोबांच्या ह्या बोलण्यात ह्या विद्येचे मर्म आहे. हवेचा अडथळा, वेग, चढ, इंधन ही सारी एकमेकांत गुंतलेली असतात. एक खोटे आत शिरले, की ते सांभाळण्यासाठी दुसरे खोटे घालावे लागते, मग तिसरे. म्हणून असे विमान तयार करणारे लोक ज्ञात आकड्यांशी पुनःपुन्हा पडताळा पाहतात. धावपट्टीवर किती अंतर लागले, ठरावीक उंची गाठण्यास किती वेळ लागला, कोणत्या वेगास पंखांची उचल सुटली, हे सर्व जुळावे लागते. एकच गोष्ट जुळली व बाकीच्या चुकल्या, तर ती जुळणीही योगायोगाचीच समजतात.

बुधवार पेठेतील लोकांना हे समजण्यास दूर जावयास नको. ह्याच पेठेत पेशवाईतील बुधवार वाडा होता. १८७९ सालच्या आगीत तो जळून गेला. आज कोणी त्याचे चित्र काढू लागला आणि मनास येतील तेवढे मजले चढवून त्याने त्यास सोन्याचे कळस लावले, तर चित्र सुंदर होईल. पण तो बुधवार वाडा होणार नाही. जी वस्तू डोळ्यांपुढे असते, तिच्याविषयी कोणी खोटे सांगितले तर ते लगेच उघडे पडते. जी वस्तू नाहीशी झाली, ती स्वतः साक्ष देऊ शकत नाही. म्हणून तिच्याविषयी बोलणाऱ्याने अधिक जपून बोलावयास हवे.

मिग-२१ च्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली चार मिग-२१ विमाने गुवाहाटीहून ढाक्याकडे निघाली. तेथील राज्यपालभवनात होणाऱ्या बैठकीच्या वेळी त्या इमारतीवर मारा करावयाचा होता. वेळ थोडा होता आणि लक्ष्य शोधण्यासाठी बिश्नोई यांच्याजवळ होता तो पर्यटकांसाठी छापलेला ढाका शहराचा नकाशा! त्या नकाशाच्या आधाराने त्यांनी ती एक इमारत हुडकली आणि विमानांनी तिच्यावर अग्निबाण सोडले. त्याच दिवशी तेथील राज्यपालांनी राजीनामा दिला आणि १६ डिसेंबरला ढाक्यातील पाकिस्तानी सेना शरण आली.

आता विचार करा. संगणकातील मिगमध्ये कोणी लक्ष्य दाखविणारा आधुनिक चमकता पडदा बसविला, तर ते उड्डाण किती सोपे होईल! पण त्या सोपेपणाने बिश्नोई व त्यांचे सहकारी यांचे कर्तृत्व मात्र पुसले जाईल. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाताना कॉकपिटच्या अरुंद काचेतून खाली पाहणे, हातातील नकाशा आणि पायाखालचे शहर यांचा मेळ घालणे आणि चुकून दुसऱ्याच इमारतीवर मारा होऊ न देणे, हे किती कठीण होते ते त्या विमानातील उणिवांवाचून कळणारच नाही. विमानाच्या उणिवा झाकणे म्हणजे वैमानिकांचे धैर्य झाकणे होय.

आणखी एक गोष्ट आहे. ती दुःखाची आहे. मिग-२१ हे चुकीला फारशी क्षमा करणारे विमान नव्हते. त्याच्या दीर्घ सेवेत झालेल्या अपघातांत अनेक वैमानिकांचे प्राण गेले. त्यांतील कित्येक तर नुकतेच शिकून आलेले तरुण होते. त्यांच्या घरच्यांपुढे हे विमान बाळबोध खेळण्याप्रमाणे मांडणे योग्य होईल काय? जे कठीण होते ते कठीण म्हणूनच दाखविले पाहिजे.

भावाने त्या दिवशी तो आकडा पुन्हा मूळपदावर आणला. मग त्याने पुन्हा उड्डाण केले आणि पुन्हा विमान आपटले. परंतु ह्या खेपेस तो रागावला नाही. बहिणीने वहीत लिहिले, “वेग फार लवकर कमी केला.” पुढच्या वेळी लिहिले, “नाक फार वर उचलले.” असे करता करता एके संध्याकाळी विमानाची चाके धावपट्टीस टेकली, छत्री उघडली आणि विमान पडद्याच्या टोकाशी अलगद थांबले. आजोबांनी टाळी वाजविली नाही. ते उठून जवळ आले आणि फळीवरील खटक्यावरून त्यांनी हात फिरविला.

“आता ओळख पटली,” ते म्हणाले.

मिग-२१ एफएल विमाने डिसेंबर २०१३ मध्ये वायुसेनेतून निवृत्त झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे उरलेल्या मिग-२१ विमानांनाही निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षे भारताच्या आकाशात घुमलेला तो आवाज आता तेथे ऐकू येत नाही. काही विमाने संग्रहालयांत व चौकांत उभी आहेत; परंतु उभे विमान आपले रूप सांगते, स्वभाव सांगत नाही. त्याचा स्वभाव आराखड्यांत, माहितीपुस्तकांत, कामगारांच्या व वैमानिकांच्या आठवणींत आणि ज्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला त्यांच्या तक्त्यांत राहील.

पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान सर्वांनाच वाटतो, आणि तो वाटावाही. पण अभिमानापोटी भर घालण्याचा मोह आवरणे हेच खरे कठीण. जे जसे होते ते तसे सांगणे, हीच त्या पराक्रमास खरी मानवंदना होय.

स्वाध्याय

१. दुकानदारास मुलांचे बोलणे थट्टेचे का वाटले?
२. एडविन लिंकने आपल्या यंत्रात कोणत्या वाद्याच्या भागाचा उपयोग केला? सैन्याने ती यंत्रे का विकत घेतली?
३. तोफेची पेटी व इंधनाची टाकी यांविषयी वैमानिकास कोणती निवड करावी लागे?
४. भावाने एकच आकडा बदलला; तरी सर्व मापे का चुकली?
५. “विमानाच्या उणिवा झाकणे म्हणजे वैमानिकांचे धैर्य झाकणे होय,” ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
६. तुमच्या गावात किंवा पेठेत पूर्वी असलेली, पण आता नाहीशी झालेली एखादी वास्तू निवडा. वडीलधाऱ्यांना विचारून तिच्याविषयी दहा ओळी लिहा. ठाऊक नसलेली गोष्ट लिहू नका.